सर्व्हर बॅकअप आणि वगळलेले बूट पार्टिशन : पार्श्वभूमी

विंडोज सर्व्हरवर 'बूट पार्टिशन बॅकअपमधून वगळा' ही सूचना नावातच अडते (पार्टिशन म्हणजे डिस्कचा स्वतंत्र भाग). विंडोजच्या परिभाषेत बूट मॅनेजर (विंडोज सुरू करणारा प्रोग्राम) आणि बीसीडी (कोणती विंडोज कुठून सुरू करायची याची नोंद) जिथे असतात ते 'सिस्टीम' पार्टिशन, आणि विंडोज फोल्डर जिथे असतो ते 'बूट' पार्टिशन. बोलताना सगळे नेमके उलटे म्हणतात. सूचना शब्दशः पाळली तर सी ड्राइव्हच वगळला जाईल! सर्व्हर २००३ पर्यंत दोन्ही बहुधा सी ड्राइव्हवरच असत, म्हणून हा घोळ कुणाला टोचला नाही.

२००९ मध्ये सर्व्हर २००८ आर२ आला आणि इन्स्टॉल करतानाच १०० एमबीचे, ड्राइव्ह लेटर नसलेले 'सिस्टीम रिझर्व्ह्ड' पार्टिशन तयार होऊ लागले. शॅडो कॉपीला, म्हणजे बॅकअपसाठी व्हॉल्यूमची (इथे पार्टिशनची) त्या क्षणाची प्रत घेणाऱ्या विंडोजच्या सोयीला, ५०० एमबीपेक्षा लहान व्हॉल्यूमवर किमान ५० एमबी जागा मोकळी लागते. बूट फाइल्स आणि एनटीएफएस या फाइल सिस्टीमचा जर्नल (बदलांची नोंद) मिळून ती संपली, की त्या चिमुकल्या पार्टिशनपायी रात्रीचा अख्खा बॅकअप फेल. शॅडो स्टोरेज (या प्रतीसाठीची जागा) दुसऱ्या व्हॉल्यूमवर वळवता येत होते, पण बॅकअपच्या यादीत त्या पार्टिशनपुढची टिक काढणे सोपे होते. सर्व्हर २०१२ मध्ये हे पार्टिशन ३५० एमबीचे झाले, तरी टिक काढायची सवय राहिली.

ही सवय चुकीचीच होती. बॅकअप घेताना वगळणे आणि रिस्टोअर करताना वगळणे हे दोन वेगळे निर्णय आहेत. रिस्टोअरच्या वेळी वगळण्याला आधार आहे: बीसीडी डिस्क ओळखते ती तिच्या सिग्नेचरवरून किंवा जीयूआयडीवरून (दोन्ही त्या डिस्कचे ओळख क्रमांक), त्यामुळे नव्या डिस्कवर जुनी बीसीडी आपली विंडोज शोधू शकेलच असे नाही. तिथे नवे पार्टिशन करून बीसीडीबूट (बूट फाइल्स आणि बीसीडी नव्याने तयार करणारी कमांड) चालवणे बरे. पण बॅकअपमध्येच ते नसेल, तर निवड करायला काही उरत नाही. विंडोजचा स्वतःचा 'ऑलक्रिटिकल' हा बॅकअप पर्याय ते पार्टिशन आपणहून घेतो, ते उगाच नाही.

यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेले फर्मवेअर) आल्यावर हे पार्टिशन एनटीएफएसऐवजी फॅट३२ या फाइल सिस्टीमचे झाले. त्याचा शॅडो कॉपी स्नॅपशॉट निघत नाही.

खरी कलाटणी २०२३ मधली. ब्लॅकलोटस या बूटकिटनंतर (विंडोजच्या आधीच सुरू होणारा मालवेअर) जुने बूट मॅनेजर रद्द ठरवण्याची सोय आली. ज्या मशीनवर ती लागू केली, तिथे त्याआधीच्या बॅकअपमधले बूट मॅनेजर परत आणले तर सिक्युअर बूट (सही तपासूनच बूट होऊ देणारी फर्मवेअरची सोय) ते नाकारते. त्यात २०११ ची सिक्युअर बूट प्रमाणपत्रे जून २०२६ पासून मुदतबाह्य होऊ लागतात. केवळ मुदत संपली म्हणून जुना बूट मॅनेजर नाकारला जात नाही; पण जिथे २०११ चे प्रमाणपत्र रद्द ठरवले आहे, तिथे जुन्या इमेजमधून (बॅकअपमधून) सी ड्राइव्ह परत आणला, तरी बूट मॅनेजर मात्र नव्या प्रमाणपत्राने सही केलेलाच लागतो.