रोहतांग आणि कुंझुम खिंडीत स्वतःचे वाहन नेताना : परवाना, पात्रता आणि कागदपत्रे

मनालीहून स्वतःच्या वाहनाने स्पितीकडे जाणाऱ्यांनी अर्ज भरण्याआधी मार्ग निश्चित करावा, कारण परवाना लागेल की नाही, हे त्यावरच ठरते. ३,९७८ मीटर उंचीच्या रोहतांग खिंडीत जाणाऱ्या पर्यटक वाहनाला परवाना बंधनकारक आहे. मात्र ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या अटल बोगद्यातून लाहौलमध्ये उतरून कोकसर आणि ग्राम्फूमार्गे, लाहौल आणि स्पितीला जोडणाऱ्या ४,५५१ मीटर उंचीच्या कुंझुम खिंडीकडे गेल्यास भारतीय नागरिकांना तो काढावा लागत नाही. केवळ स्पितीतील मुख्य गाव काझापर्यंत पोहोचायचे असेल, तर माझ्या मते बोगद्याचाच मार्ग घ्यावा.

रोहतांगच्या नाजूक हिमक्षेत्राचे धुरापासून रक्षण व्हावे, म्हणून राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानुसार तेथे दररोज ८०० पेट्रोल आणि ४०० डिझेल अशा १,२०० पर्यटक वाहनांचीच मर्यादा घालण्यात आली. डिझेल वाहनांचा कोटा निम्माच असल्याने त्यांच्या मालकांनी अर्जाला उशीर करू नये. दहा वर्षांपेक्षा जुन्या वाहनाला परवाना मिळत नाही आणि मंगळवारी दुरुस्तीसाठी रस्ता पर्यटकांना बंद असतो.

अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. त्यासाठी वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र, मुदतीतील पीयूसी आणि ओळखपत्र हाताशी ठेवावे. परवाना ठरलेल्या दिवसापुरता व त्याच वाहनापुरता असतो आणि गुलाबा येथील नाक्यावर तो तपासला जातो. वाहनचालक परवाना आणि विम्याचे कागद सोबत असावेतच. मोबाइलमधील प्रतींवर विसंबू नये, कारण पुढे बराच काळ नेटवर्क नसते.

परदेशी नागरिकांनी शेजारच्या किन्नौर जिल्ह्यामार्गे स्पितीत यायचे किंवा परतायचे असल्यास सीमावर्ती टप्प्यासाठी इनर लाइन परमिट स्वतंत्रपणे घ्यावे. ते रेकाँग पिओ किंवा काझा येथे मिळते.

कुंझुमला परवाना नाही, म्हणून तयारी कमी चालेल असे मात्र मुळीच समजू नये. ग्राम्फू ते बाताल हा दगडधोंड्यांचा कच्चा रस्ता अनेक नाले ओलांडतो, आणि ऊन चढल्यावर बर्फ वितळून या नाल्यांचे पाणी दुपारी इतके वाढते की सकाळी सहज पार होणारे वाहन तिथेच अडकू शकते. त्यामुळे टाकी मनालीतच पूर्ण भरावी, पहाटे निघावे आणि आदल्या दिवशी खिंड खुली असल्याची खात्री पोलिसांकडून करून घ्यावी.