फ्लशच्या टाकीची गळती

कमोडमागच्या टाकीतून पाणी सतत वाहत राहिले किंवा टाकी भरताना शिट्टी, फुसफुस, धाडधाड ऐकू आली, की घरोघरी ‘फ्लश गळतोय’ एवढेच म्हणतात. टाकीत पाणी अडवणाऱ्या जागा मात्र दोन असतात : पाणी आत घेणारा बॉलकॉक आणि ते कमोडमध्ये सोडणारा तळाचा व्हॉल्व्ह. दोष कुठे आहे हे न पाहताच आतला अख्खा संच बदलायला सांगणारे प्लंबर पुष्कळ. बिघाड बरेचदा एका वॉशरचा असतो.

झाकण काढावे. उभ्या ओव्हरफ्लो नळीच्या तोंडात पाणी पडत असेल तर बॉलकॉक बिघडला. पाणी त्या तोंडाच्या खाली असूनही कमोडच्या आतल्या बाजूने बारीक ओघळ येत असेल, किंवा कोणी आत गेलेले नसताना रात्री टाकी आपोआप भरू लागत असेल, तर तळाचे रबर गेले. ओघळ दिसत नसेल तर टाकीत थोडी निळी शाई टाकून अर्धा तास फ्लश करू नये. कमोडमधले पाणी निळे झाले की निदान झाले. मिनिटाला 100 मिलिलिटर, म्हणजे एका कटिंग चहाएवढे पाणी झिरपले, तरी दिवसाला 144 लिटर होते. पंधरा लिटरच्या जवळजवळ दहा बादल्या!

बॉलकॉकचा गोळा हाताने वर उचलावा. पाणी थांबले तर नुसती पातळी खाली आणायची आहे : जुन्या पितळी दांडीला खालच्या बाजूला किंचित बाक द्यावा, प्लॅस्टिकच्या नव्या प्रकारात स्क्रू फिरवावा. पाणी नळीच्या तोंडापासून दोनतीन सेंटिमीटर खाली राहिले पाहिजे. गोळा हलवल्यावर आत खुळखुळले तर त्यात पाणी शिरले आहे, तो बदलावा. गोळा उचलूनही धार चालूच राहिली तर अँगल कॉक (टाकीला येणाऱ्या पाण्याचा भिंतीवरचा छोटा नळ) बंद करून बॉलकॉकचा वॉशर काढावा. झिजलेल्या वॉशरवर गोल खाच दिसते. तो उलटा बसवला तर काही दिवस निभतात, पण दुकानात जाताना जुना वॉशर खिशात असू द्यावा. मापांत फार फरक असतो. तळाचे रबर बोटांना काळे लावू लागले की ते सडले असे समजावे. टाकीत टाकायच्या ब्लीचिंगच्या वड्यांनी रबर लवकर जाते. बोअरच्या जड पाण्याने बसलेला पांढरा क्षार व्हिनेगरमध्ये भिजवल्यावर सुटतो.

आवाजाचे मूळ बहुधा पाण्याच्या दाबात असते. गच्चीवरची टाकी जितकी उंच तितका दाब जास्त (दर 10 मीटरला चौरस सेंटिमीटरवर सुमारे 1 किलो), म्हणून खालच्या मजल्यांवर हा त्रास अधिक. बॉलकॉक झटक्यात बंद झाला की धावते पाणी अडते आणि पाइप दणकतो. अँगल कॉक थोडा आवळावा. टाकी सावकाश भरते, दणका कमी होतो.

जुन्या चाळींतली साखळी ओढायची बिडाची टाकी गडगडाट करी, पण तिच्यात तळाच्या व्हॉल्व्हऐवजी सायफन (पाणी आधी वर चढवून मग खाली सोडणारी वाकडी नळी) असल्याने तळातून चोरून गळण्याची सोय नव्हती. ब्रिटनमध्ये 2001 पर्यंत सायफनच सक्तीचा होता. 6 व 3 लिटरच्या दोन बटणांची टाकी पाणी वाचवते खरी, पण तळाचे रबर शाबूत असेपर्यंतच.

भिंतीत दडवलेल्या टाकीपर्यंत बटणांची पाटी काढून पोहोचता येते. फरशी फोडावी लागत नाही.