निर्वाचक मंडळ, अमेरिकेचे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांची औपचारिक निवड करणाऱ्या ५३८ निर्वाचकांच्या समूहाला ‘निर्वाचक मंडळ’ म्हणतात. मराठी वृत्तपत्रांतून ‘इलेक्टोरल कॉलेज’ हे मूळ नावही सर्रास येते. नोव्हेंबरातील मतदानाच्या दिवशी मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे असली, तरी कायद्याच्या दृष्टीने मतदार आपल्या राज्याचे निर्वाचक निवडत असतो. ‘मंडळ’ हा शब्द काहीसा फसवा आहे, कारण हे ५३८ जण एका ठिकाणी कधीच जमत नाहीत; प्रत्येक राज्याचे निर्वाचक आपापल्या राज्यात, एकाच ठरलेल्या दिवशी भेटतात, मते देतात आणि पांगतात. राज्यघटनेत हे नाव आढळत नाही. तिच्या दुसऱ्या अनुच्छेदाच्या पहिल्या विभागात केवळ ‘निर्वाचक’ असा उल्लेख आहे. नाव एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाले असावे आणि १८४५ मध्ये ते संघीय कायद्यात आले. भारताच्या राष्ट्रपतीच्या निवडणुकीतील निर्वाचक मंडळाशी त्याचे साम्य बहुतांशी नावापुरते आहे. भारतात संसदेचे व विधानसभांचे निर्वाचित सदस्यच मतदार असतात, तर अमेरिकेत काँग्रेसच्या, म्हणजे सीनेट व प्रतिनिधिगृह मिळून बनलेल्या संघीय विधिमंडळाच्या, सदस्याला किंवा संघराज्याच्या पदाधिकाऱ्याला निर्वाचक होण्यास घटनेनेच मनाई केली आहे.

या पद्धतीच्या उगमाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पवित्र रोमन साम्राज्यातील सम्राट निवडणारे राजे किंवा पोपची निवड करणारे कार्डिनल यांच्याशी तिचा संबंध काही जुन्या लेखनात जोडलेला दिसतो. त्याला साधर्म्यापलीकडे फारसा आधार नाही. त्याहून जवळचे उदाहरण मेरिलंडचे होय. त्या राज्याच्या १७७६ च्या घटनेनुसार तेथील सीनेटची निवड जनतेने निवडलेले निर्वाचक करीत असत, आणि अमेरिकेची राज्यघटना तयार करणाऱ्या फिलाडेल्फियाच्या घटनापरिषदेतील प्रतिनिधींना ही व्यवस्था ठाऊक होती. परिषदेचे कामकाज पाहता मात्र कोणत्याही एका नमुन्याची नक्कल झाली असे म्हणवत नाही. २९ मे १७८७ रोजी मांडलेल्या व्हर्जिनिया आराखड्यात कार्यकारी प्रमुखाची निवड राष्ट्रीय विधिमंडळाकडे सोपवली होती. जेम्स विल्सन यांनी जूनच्या आरंभीच थेट जनतेकडून निवड करण्याचा विचार मांडला आणि लगेच, तडजोड म्हणून, जिल्हावार निर्वाचकांचा प्रस्ताव आणला. तो फेटाळला गेला. १७ जुलैला थेट निवडणुकीच्या बाजूने एकट्या पेनसिल्व्हेनियाने मत दिले. त्याच चर्चेत जॉर्ज मेसन यांनी अशा निवडणुकीची तुलना आंधळ्याकडून रंगांची पारख करून घेण्याशी केली; विस्तीर्ण देशात सामान्य मतदाराला दूरच्या उमेदवाराची माहिती कशी असणार, हा त्यामागील मुद्दा होता. १९ जुलैला निर्वाचकांची कल्पना मान्य झाली, २४ जुलैला ती रद्द होऊन निवड पुन्हा विधिमंडळाकडे गेली. अखेर ऑगस्टच्या शेवटी नेमलेल्या अकरा सदस्यांच्या समितीने ४ सप्टेंबरला निर्वाचकांची योजना मांडली आणि दोन दिवसांत, एक महत्त्वाचा बदल करून, परिषदेने ती स्वीकारली. बहुमत न मिळाल्यास अंतिम निवड सीनेटने करावी असे समितीने सुचवले होते. परिषदेने ते काम प्रतिनिधिगृहाला दिले, पण मते राज्यवार, म्हणजे प्रत्येक राज्याचे एक अशी, मोजण्याची अट घातली.

गुलामगिरीचा या निर्णयात किती वाटा होता, हा वादाचा दुसरा आणि अलीकडे अधिक चर्चिलेला भाग आहे. १९ जुलैच्या चर्चेत जेम्स मॅडिसन यांनी थेट निवडणूक तत्त्वतः योग्य ठरवली, पण उत्तरेत मताधिकार अधिक व्यापक असल्याने दक्षिणेला तिच्या गुलाम लोकसंख्येमुळे काहीच प्रभाव उरणार नाही, हे स्पष्ट बोलून दाखवले. निर्वाचकांची संख्या प्रतिनिधिगृहातील जागांशी बांधल्यामुळे, आणि त्या जागा ठरवताना गुलामांची तीन पंचमांश गणना (पाच गुलाम म्हणजे तीन माणसे) होत असल्यामुळे, ही अडचण दूर झाली. १७९० च्या जनगणनेत व्हर्जिनिया व पेनसिल्व्हेनिया यांची गुलाम नसलेली लोकसंख्या जवळपास सारखी होती, तरी १७९२ च्या निवडणुकीत पहिल्याला २१ आणि दुसऱ्याला १५ निर्वाचक मिळाले. काही अभ्यासक यावरून संपूर्ण पद्धतीचा हेतूच गुलामगिरीचे रक्षण असा काढतात. तथापि निर्वाचकांच्या प्रस्तावाला दक्षिणेतील काही राज्यांचाच विरोध झाला होता आणि विधिमंडळाने निवड केली असती तरी तोच लाभ त्यांना मिळाला असता, हे लक्षात घेता दक्षिणेचा लाभ हे एकमेव कारण न मानता, थेट निवडणुकीला असलेला अडसर म्हणून त्याकडे पाहणे अधिक सयुक्तिक वाटते. लहान राज्यांच्या संरक्षणासाठी ही पद्धत आणली, हे पाठ्यपुस्तकी स्पष्टीकरण परिषदेच्या चर्चेत त्या मानाने क्षीण आधारावर उभे आहे.

प्रत्येक राज्याला त्याच्या प्रतिनिधिगृहातील जागा अधिक सीनेटच्या दोन जागा इतके निर्वाचक मिळतात. ४३५ व १०० यांत कोलंबिया जिल्ह्याचे, म्हणजे वॉशिंग्टन शहराचे, ३ मिळवले की ५३८ होतात. हे तीन १९६१ च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीने आले. विजयासाठी २७० मते लागतात. २०२० च्या जनगणनेनंतर कॅलिफोर्नियाला ५४, टेक्ससला ४०, फ्लॉरिडाला ३० आणि न्यूयॉर्कला २८ निर्वाचक आहेत, तर वायोमिंग, व्हरमाँट, अलास्का यांसारख्या राज्यांना किमान तीन. त्यामुळे वायोमिंगमध्ये एका निर्वाचकामागे सुमारे १.९ लाख लोक येतात आणि कॅलिफोर्नियात सुमारे ७.३ लाख.

निर्वाचक कसे निवडावेत हे घटनेने राज्यांच्या विधिमंडळांवर सोपवले आहे, आणि आजच्या पद्धतीचे बहुतेक ठळक गुणदोष याच वाक्यातून निघाले आहेत. आरंभी अनेक ठिकाणी विधिमंडळेच निर्वाचक नेमत; साउथ कॅरोलायनात तर ही प्रथा १८६० पर्यंत टिकली. ज्या राज्यात उमेदवाराला सर्वाधिक मते त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक, हा नियम घटनेत नाही. पक्षीय स्पर्धेतून तो पसरला. आपल्या राज्याची मते विभागली जाऊन प्रतिपक्षाला वाटा मिळू नये म्हणून १८०० मध्ये व्हर्जिनियाने जिल्हावार पद्धत सोडली, इतरांनीही पुढे तेच केले आणि १८३६ पर्यंत साउथ कॅरोलायना वगळता सर्वत्र राज्यव्यापी पद्धत आली. मिशिगनने १८९२ च्या निवडणुकीसाठी जिल्हावार पद्धत आणली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. सध्या मेन (१९७२ पासून) आणि नेब्रास्का (१९९२ पासून) ही दोनच राज्ये राज्यभरच्या निकालावर दोन व प्रत्येक प्रतिनिधिगृह-मतदारसंघामागे एक अशी वाटणी करतात.

मूळ योजनेत प्रत्येक निर्वाचक दोन नावांना मते देई आणि दुसरा क्रमांक उपराष्ट्राध्यक्षाला मिळे. पक्ष उदयास येताच ती कोलमडली. १८०० मध्ये टॉमस जेफर्सन आणि त्यांच्याच पक्षाचे एरन बर यांना प्रत्येकी ७३ मते पडली. प्रतिनिधिगृहात छत्तिसाव्या फेरीत, १७ फेब्रुवारी १८०१ रोजी, जेफर्सन निवडून आले. १८०४ च्या बाराव्या दुरुस्तीने दोन्ही पदांची मते वेगळी केली. या दुरुस्तीनुसार प्रतिनिधिगृहाने राष्ट्राध्यक्ष निवडल्याचे उदाहरण एकच: १८२४ मध्ये अँड्र्यू जॅक्सन ९९ मते मिळवून पुढे असूनही बहुमताअभावी निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली आणि ८४ मतांचे जॉन क्विन्सी ॲडम्स २४ पैकी १३ राज्यांच्या पाठिंब्याने विजयी झाले. जॅक्सन यांची लोकमतातील आघाडी नेहमी सांगितली जाते. परंतु तेव्हा सहा राज्यांत विधिमंडळेच निर्वाचक नेमत असल्याने तो आकडा सबंध देशाचा नव्हे.

लोकमतात मागे असलेला उमेदवार विजयी झाल्याची निर्विवाद उदाहरणे १८७६, १८८८, २००० आणि २०१६ ची. पैकी १८७६ चा तंटा सर्वांत गुंतागुंतीचा होता. डेमोक्रॅटिक पक्षाचे सॅम्युएल टिल्डन यांना बहुमतासाठी एकच मत कमी पडत होते आणि फ्लॉरिडा, लुइझियाना, साउथ कॅरोलायना व ऑरेगन यांची मिळून २० मते वादग्रस्त होती. काँग्रेसने नेमलेल्या पंधरा जणांच्या आयोगाने ती सर्व, आठ विरुद्ध सात अशा पक्षीय विभागणीने, रिपब्लिकन पक्षाचे रदरफर्ड हेझ यांना दिली आणि निकाल १८५ विरुद्ध १८४ असा लागला. या अनुभवातून १८८७ चा मतमोजणी कायदा झाला. त्यातील संदिग्धता ६ जानेवारी २०२१ रोजी, मोजणीच्या वेळी संसदभवनावर झालेल्या हल्ल्याच्या घटनांत, उघड झाल्यावर २०२२ मध्ये त्यात सुधारणा झाली. उपराष्ट्राध्यक्षाचे मोजणीतील काम केवळ औपचारिक असल्याचे तीत स्पष्ट केले असून आक्षेप दाखल करण्यास आता दोन्ही सभागृहांतील प्रत्येकी एक पंचमांश सदस्यांची सही लागते. पूर्वी एकेकाची पुरे होती.

वेळापत्रक कायद्याने बांधलेले आहे. नोव्हेंबरातील पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी मतदान, डिसेंबरच्या दुसऱ्या बुधवारनंतरच्या मंगळवारी निर्वाचकांच्या बैठका, ६ जानेवारीला काँग्रेससमोर मोजणी आणि २० जानेवारीला शपथविधी असा क्रम असतो. पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुका, कॉकस (पक्षसमर्थकांच्या स्थानिक सभा) व राष्ट्रीय अधिवेशने यांचा घटनेत उल्लेखच नाही. त्या पक्षनियमांच्या व राज्यकायद्यांच्या कक्षेत येतात.

निर्वाचक आज पक्षाने निवडलेले कार्यकर्ते असतात आणि स्वतंत्र विवेकाने मत देण्याची, घटनापरिषदेतील प्रतिनिधी अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७८८ मध्ये वर्णिलेली, भूमिका प्रत्यक्षात उरलेली नाही. तरीही २०१६ मध्ये सात निर्वाचकांची मते, पक्षाच्या उमेदवारालाच मत देण्याच्या वचनाबाहेर गेली. असे करणाऱ्यास दंड करण्याचा किंवा त्याला बदलण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एकमताने मान्य केला.

पद्धत रद्द करण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न १९६९ मध्ये झाला. प्रतिनिधिगृहाने थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती मोठ्या बहुमताने संमत केली, पण पुढच्या वर्षी सीनेटमध्ये लांबलचक भाषणांच्या अडवणुकीत ती अडकली. त्यानंतर घटनादुरुस्ती टाळणारा मार्ग पुढे आला. देशभरात सर्वाधिक मते मिळवणाऱ्यालाच आपले निर्वाचक द्यायचे, असा आंतरराज्य करार २००७ मध्ये प्रथम मेरिलंडने स्वीकारला. २०२४ मध्ये मेन सामील झाल्यावर सहभागींची बेरीज २०९ झाली. ती २७० होईपर्यंत करार लागू होत नाही. आणि अशा कराराला घटनेच्या पहिल्या अनुच्छेदानुसार काँग्रेसची संमती आवश्यक आहे का, यावर घटनातज्ज्ञांत मतभेद आहेत.