क्रूझवरच्या संध्याकाळी काय घालायचं? सूट शिवायला टाकण्याआधी हे वाचा

“भाऊ, आम्ही क्रूझवर जाऊन राहिलो, किती सूट लागतील?” दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या नागपूरच्या कपडे शिवायच्या आणि भाड्याने द्यायच्या दुकानात हा प्रश्न रोज येतो. आम्ही उलट विचारतो: जहाज कोणतं, रात्री किती, आणि त्यांतल्या नटूनथटून जेवायच्या रात्री किती? पहिल्या दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात. तिसरी ठाऊक नसताना कापड फाडलं की एक तर नको असलेले दोन सूट गळ्यात पडतात, नाहीतर निघायच्या चार दिवस आधी धावपळ होते.

दिवसाच्या कपड्यांची काळजी नको. नाश्ता, डेक, बंदरावर उतरून फिरणं यासाठी घरात आहे ते चालतं. प्रश्न फक्त संध्याकाळी सहानंतरचा, आणि तोही मुख्यतः मोठ्या डायनिंग हॉलचा.

आधी कागद, मग टेप

सगळ्यात महागात पडणारी चूक एकच: दुसऱ्या जहाजावर जाऊन आलेल्या माणसाचा सल्ला घेऊन कपडे ठरवणं. शेजारचे सिंगापूरहून तीन रात्रींच्या फेरीला जाऊन आलेले असतात आणि तुम्ही इंग्लंडहून अटलांटिक ओलांडायला निघालेले असता. दोघंही “क्रूझ”च म्हणतात, पण कपड्यांचा हिशेब पार वेगळा.

नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली ‘फ्रीस्टाइल’ पद्धत आणली, तेव्हापासून तिथे सूट घालायलाच हवा अशी रात्र नसते. सेलिब्रिटी या क्रूझ कंपनीने २०१५ मध्ये ‘फॉर्मल नाइट’ (नटूनथटून जेवायची रात्र) हे नाव काढून ‘इव्हनिंग शिक’ केलं. तिथे चांगलं ब्लेझर पुरतं, टायची सक्ती नाही. कार्निव्हल या कंपनीच्या दोन ते पाच रात्रींच्या फेरीत एक आणि सहा किंवा जास्त रात्रींच्या फेरीत दोन ‘एलिगंट’, म्हणजे सजून जायच्या, रात्री धरतात. आणि क्युनार्ड कंपनीच्या क्वीन मेरी २ या जहाजावर गाला, म्हणजे खास नटायच्या, संध्याकाळी पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट, बो किंवा टायसकट, घालणं अपेक्षित असतं. इतर संध्याकाळीही थोडं नीटनेटकंच राहावं लागतं. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जाणाऱ्या किंवा सिंगापूरहून सुटणाऱ्या छोट्या फेऱ्यांना बहुतेक रात्री कॉलरचा शर्ट, फुल पँट आणि बंद बूट एवढ्यावर निभावतं.

म्हणून दुकानात येताना बुकिंगचा कागद आणा. त्यात किंवा कंपनीच्या ॲपमध्ये ‘ड्रेस कोड’ किंवा ‘व्हॉट टू पॅक’ असं पान असतं. त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलात तरी चालेल, पासपोर्टचा क्रमांक तेवढा झाकून पाठवा. कागद पाहिल्याशिवाय आम्ही माप घेत नाही याचा काहींना राग येतो. पण सात रात्रींच्या सफरीसाठी तीन सूट सांगायला आलेलं गिऱ्हाईक कागद बघितल्यावर एका जोडावर येतं, हे आम्ही दर मोसमात बघतो. त्यात आमचा धंदा कमी होतो हे खरं, पण नको असलेला सूट कपाटात लटकत राहिला तर तो माणूस पुन्हा आमच्या दारात येत नाही.

कागदावरचे शब्द नीट वाचा. ‘ब्लॅक टाय’ म्हणजे काळ्या रंगाची टाय नव्हे. ब्लॅक टाय म्हणजे सॅटिनच्या कॉलरचं डिनर जॅकेट, बाजूला सॅटिनची पट्टी आणि कमरेला बेल्टचे लूप नसलेली पँट, पांढरा शर्ट आणि काळा बो. हा पूर्ण जोड विकत घेऊ नका. नागपुरात तो पुन्हा घालायचा प्रसंग क्वचितच येतो, आणि आमच्याकडे भाड्याने मिळतो. ‘ऑप्शनल’ लिहिलं असेल तर गडद सूट आणि टाय बिनधास्त चालते. ‘स्मार्ट कॅज्युअल’ म्हणजे कॉलर, फुल पँट, बूट. हाफ पँट, बिनबाह्यांचा बनियन आणि रबरी चप्पल सोडून बहुतेक सगळं.

आणखी एक. ज्यांना जैन किंवा शुद्ध शाकाहारी जेवण हवं म्हणून रोज बुफेतच जेवायचं आहे, त्यांना बहुतेक जहाजांवर सजण्याची सक्ती नाही. बुफेचा हॉल अशा रात्रीही साध्या कपड्यांना खुला असतो. फक्त घरात आधी बोलून घ्या, कारण त्याच रात्री जिन्यापाशी पडदे लावून फोटोग्राफर उभे असतात आणि घरच्यांना फोटो हवा असतो. मग ऐन वेळी सूट नाही म्हणून कोणीतरी रुसतं.

आम्ही बंदगळा का सुचवतो

एका ओळीत सांगायचं तर गडद निळा किंवा काळा बंदगळा, त्याच कापडाची पँट, एक पांढरा आणि एक आकाशी शर्ट. सात रात्रींच्या सफरीला नागपूरच्या माणसाला एवढं पुरतं. गाला रात्री बंदगळा पूर्ण बंद करून, दुसऱ्या रात्री तीच पँट नुसत्या शर्टावर, आणि तिसऱ्या रात्री वरची दोन बटणं मोकळी सोडून. टाय बांधायची कटकट नाही. क्युनार्डसारख्या कडक कंपनीच्या जहाजावरही औपचारिक राष्ट्रीय पोशाख मान्य असतो, त्यामुळे दारात कोणी अडवत नाही. आणि परत आल्यावर तुळशीच्या लग्नानंतर जी लग्नं सुरू होतात त्यांत तो घालता येतो.

लग्नातली भरजरी शेरवानी मात्र घरीच राहू द्या. जरदोसीची शेरवानी तीन किलोपर्यंत भरते, आणि नागपूरहून मुंबई-दिल्लीच्या विमानात साधारण १५ किलो सामान आणि हातात ७ किलो एवढीच मुभा असते. शिवाय रात्रीचं जेवण तीन-चार टप्प्यांत, दीड-दोन तास चालतं. तेवढा वेळ खुर्चीच्या हातांना घासून बाहीवरचं काम उसवतं.

कापडाबद्दल एक गैरसमज काढायचा आहे. मे महिन्यात ४५ अंशांत दुकानात आलेलं गिऱ्हाईक लिननच मागतं. पण जहाजाचा डायनिंग हॉल आणि थिएटर थंडगार असतं, आणि बॅगेतून निघालेल्या लिननवर इतक्या चुण्या असतात की इस्त्रीशिवाय घालता येत नाही. जहाजावर इस्त्री न्यायला बंदी आहे. बोर्डिंगच्या तपासणीत सापडली तर ठेवून घेतात आणि उतरताना परत देतात. वाफेच्या छोट्या स्टीमरचंही तेच. म्हणून आम्ही २४० ते २६० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं) टेरिवूल, म्हणजे पॉलिस्टर आणि लोकर मिसळलेलं कापड, देतो. रात्रभर टांगलं की त्याच्या चुण्या बऱ्याच उतरतात. निव्वळ पॉलिस्टर स्वस्त पडतं, पण फ्लॅशमध्ये चकाकतं आणि फोटोत स्वस्तच दिसतं. ५८ इंच पन्ह्याच्या कापडात बंदगळा आणि पँट मिळून सव्वातीन मीटर लागतं. उंची सहा फुटांच्या वर असेल तर साडेतीन.

ट्रायलला बूट घालून या

आमचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. चप्पल घालून, टी-शर्टवर ट्रायल दिली की पँटची लांबी आणि बाही दोन्ही चुकतात. बुटाची टाच इंचभर असते, चपलेची अर्धा इंच. तेवढ्यात पँट घोट्यावर लोंबते किंवा मोजा दिसतो. जहाजावर जो शर्ट आत घालणार तोच घालून या, कारण जॅकेटच्या बाहीखाली शर्टाचा कफ अर्धा इंच दिसायला हवा.

बंदगळ्याची कॉलर ही या कपड्यातली सगळ्यात नाजूक जागा. हुक लावल्यावर कॉलर आणि गळ्याच्या मध्ये दोन बोटं सहज गेली पाहिजेत. उभं राहून बरोबर वाटतं, पण खुर्चीत बसून मान खाली घालून सूप पिताना कॉलर हनुवटीखाली टोचते. म्हणून ट्रायलला आम्ही स्टुलावर बसवतो, मान खालीवर करायला लावतो, दोन्ही हात पुढे करून टेबलावरचं भांडं उचलल्यासारखं करायला सांगतो. पाठीत ओढ आली तर मुंढ्यातून थोडं सोडतो. पँटच्या कमरेला मागच्या शिवणीत दीड इंच मार्जिन ठेवतोच. सात दिवस चारी ठाव जेवल्यावर त्याची गरज पडते, हे कोणाला सांगायला नको.

साड्यांचं थोडक्यात

गाला रात्री साडी ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात उठून दिसणारी गोष्ट आहे; गाऊन शिवायची काहीच गरज नाही. दोन साड्या पुरतात. पैठणी न्यायची तर घडीवर घडी घालू नका, जर घडीवर मोडते. मलमलच्या कापडात गुंडाळी करून न्या. आमचं मत विचाराल तर आपल्या विदर्भाची करवती काठाची टसर न्या. वजनाला हलकी, एसीत उबदार, आणि करवतीच्या दात्यांसारखा तिचा काठ परदेशी पाहुणे हमखास जवळ येऊन बघतात. ब्लाउज कोपरापर्यंत बाहीचा असू द्या, सोबत शाल. डेकवर वारा असतो, त्यामुळे पदर खांद्यावर एका पिनेवर ठेवू नका. खांद्यावर एक आणि कमरेशी एक अशा दोन पिना लावा. डेकवर उघडणाऱ्या दारांना उंबरे असतात आणि जहाज थोडं डुलतंच, म्हणून पेन्सिल हिलऐवजी रुंद टाचेची सँडल. फॉल-पिको आमच्याकडे दोन दिवसांत होतो.

लहान मुलांना सूट शिवू नका, पुढच्या वर्षी येत नाही. कॉलरचा शर्ट, पँट, आणि हौस असेल तर भाड्याचं जॅकेट.

बॅग भरताना

बंदरावर हमाल तुमच्या मोठ्या बॅगा घेतात आणि त्या केबिनच्या दारात पोचायला संध्याकाळ होऊ शकते. पहिली रात्र बहुधा साधीच असते, पण जेवायला जाण्याएवढा एक जोड हातातल्या बॅगेत ठेवा. औषधं आणि पासपोर्टही हातातच.

जॅकेट असं भरा: एक खांदा उलटा करा, म्हणजे त्याचं अस्तर बाहेर येईल. दुसरा खांदा त्यात बसवा. आता अस्तर बाहेर आणि कापड आत राहतं. त्याची उभी घडी झाली की आम्ही दिलेल्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवा आणि आडवी एकच घडी घाला. पिशवीत कापड घसरतं, म्हणून चुणी पक्की बसत नाही. केबिनमध्ये पोचल्याबरोबर काढून टांगा, पण छतावरच्या पाण्याच्या स्प्रिंकलरला हँगर अडकवू नका. चुणी राहिलीच तर गरम पाण्याचा शॉवर सोडून बाथरूममध्ये दहा मिनिटं टांगा, पाणी उडणार नाही इतकं लांब.

नवं जॅकेट असेल तर मागच्या कटावरचा पांढऱ्या धाग्याचा फुलीचा टाका काढलाय का, हे बघा. तो प्रवासात कट फाकू नये म्हणून आम्ही मुद्दाम ठेवतो. घालण्याआधी कात्रीने फुलीच्या मध्यभागी कापा आणि दोन्ही टोकं ओढून काढा. ब्लेडने काढायला जाऊ नका, कापड कापलं जातं. कात्री नसली तर केबिनच्या माणसाकडे मागा.

वेळ आणि भाडं

शिवायला १५ दिवस, मध्ये एक कच्ची ट्रायल. लग्नसराईत २५ दिवस धरा. “चार दिवसांत द्या, जास्त पैसे घ्या” असं सांगणारे येतात, पण आम्ही ते काम घेत नाही. कच्च्या ट्रायलशिवाय शिवलेला बंदगळा खांद्यावर बसत नाही, आणि तो दुरुस्त करायला तुम्ही तेव्हा समुद्रात असता. वेळ कमी असेल तर भाड्याचा जोड घ्या. त्यात बाही, लांबी आणि कंबर आम्ही एका दिवसात जमवून देतो.

भाडं नेल्या दिवसापासून परत आणल्या दिवसापर्यंत मोजतो, जहाजाच्या दिवसांवर नाही. तीन रात्रींच्या फेरीला जाऊन-येऊन सहा-सात दिवस होतात, ते आधीच धरा. एक विनंती आहे: भाड्याचं जॅकेट जहाजाच्या लाँड्रीत देऊ नका आणि केबिनच्या सिंकमध्ये डाग धुऊ नका. छातीच्या आत फ्युजिंग, म्हणजे आकार टिकवायला चिकटवलेला कापडाचा थर, असतं. ओलं होऊन वर गरम प्रेस लागली की ते सुटतं आणि समोरच्या भागावर फुगे येतात. ते कोणत्याही इस्त्रीने बसत नाहीत, आणि डिपॉझिटमधून पैसे कापावे लागतात. सॉस सांडला तर कोरड्या रुमालाने टिपून घ्या, चोळू नका, आणि आम्हाला जागा दाखवा. डाग काढणं आमचं काम, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात, बहुधा अकरा-बाराच्या आत. सकाळी उतरताना घालायचे कपडे आणि बूट आधी बाजूला काढा, मगच बॅगेला कुलूप लावा.