कल्हई, भांडी आणि घरातील शिसे : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नागपूरच्या इतवारीतील आमच्या दुकानात तांब्या-पितळेची भांडी विकली जातात आणि जुन्या भांड्यांना कल्हई करून दिली जाते. अलीकडे गिऱ्हाइके दोन प्रश्न हमखास विचारतात. तुमच्या कल्हईत शिसे असते का, हा पहिला. आणि घरातील बाकीच्या वस्तूंचे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देणे आमचे कामच आहे. दुसरा प्रश्न आमच्या धंद्याच्या कक्षेबाहेरचा आहे, परंतु शिसे घरात एकाच वाटेने येत नसल्यामुळे केवळ कल्हईपुरते बोलून थांबणे अपुरे ठरेल, म्हणून या पत्रकात दोन्हींविषयी लिहिले आहे. आम्ही भांडीवाले आहोत, वैद्य नाही. आरोग्याविषयी येथे जे लिहिले आहे ते सर्वमान्य माहितीपुरतेच आहे, आणि शंका असल्यास आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

अन्नात किंवा पाण्यात उतरलेले थोडेसे शिसे चवीला कळत नाही, वासाला येत नाही आणि पदार्थाचा रंगही बदलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातील शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही. लहान मुले पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढा भाग शोषून घेतात तो मोठ्या माणसांच्या तुलनेत चार ते पाच पट असतो, आणि आहारात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर हे शोषण आणखी वाढते. शरीर शिशाला कॅल्शियमसारखेच वागवते व हाडांत साठवून ठेवते. ते तेथे अनेक वर्षे राहते आणि गरोदरपणात, हाडांतील कॅल्शियम बाहेर पडू लागल्यावर, त्याच्याबरोबर पुन्हा रक्तात येऊन गर्भापर्यंत पोहोचू शकते. मुलांमध्ये याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर, आकलनावर आणि लक्ष लागण्यावर होतो, तर मोठ्यांमध्ये रक्तदाब व मूत्रपिंडे यांच्यावर. पोटदुखी, बद्धकोष्ठता, रक्तक्षय, चिडचिड ही लक्षणे इतर शंभर कारणांनीही होत असल्यामुळे शिशाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पुष्कळदा तर लक्षण काहीच नसते.

कल्हईविषयी

कल्हई म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्याच्या आतल्या अंगाला दिलेला कथलाचा पातळ थर. भांडे घासून, आम्लाने स्वच्छ करून भट्टीवर तापवले जाते, त्यात नवसागराची पूड टाकली जाते, तापलेल्या पृष्ठभागावर कथलाची कांडी फिरवली जाते आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने एकसारखे पसरवले जाते. तांब्या-पितळेला आंबट पदार्थ सोसत नाहीत, ते कळकतात; कथील सोसते, यासाठी हा सगळा खटाटोप. कल्हई नीट नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यातील अन्न आपल्याकडील अन्नसुरक्षेच्या नियमांतही खाण्यास अयोग्य मानलेले आहे.

घोटाळा होतो तो कथलात. शुद्ध कथील महाग असते आणि शिसे त्याच्या मानाने फारच स्वस्त. शिवाय कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते, शिसे ३२७ अंशांना. परंतु दोन्ही योग्य प्रमाणात मिसळल्यास ते मिश्रण १८३ अंशांच्या आसपासच पातळ होते. म्हणजे भेसळ करणाऱ्याचे पैसे वाचतात, कोळसा वाचतो आणि हातही सहज फिरतो. अशी कल्हई पहिल्या दिवशी इतकी चांगली दिसते की केवळ नजरेने तिच्यात शिसे आहे की नाही हे सांगणे आम्हालाही शक्य नाही, आणि जो कल्हईवाला तसे सांगतो त्याच्या सांगण्यावर विसंबू नये. अशा भांड्यात चिंचेचे सार, अंबाडीची भाजी, कढी किंवा टोमॅटोचा रस्सा शिजला, आणि विशेषतः शिजून रात्रभर तसाच राहिला, तर आम्लामुळे शिसे पदार्थात उतरते.

कल्हई झाल्यावर ओळखणे कठीण असले तरी होण्यापूर्वी कांडी पाहता येते, आणि ती पाहण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून हळूच वाकवली की बारीक करकर ऐकू येते, कारण धातूच्या आतील स्फटिक एकमेकांवर सरकतात. शिशाची कांडी मुकाट्याने वाकते, आणि कोऱ्या कागदावर ओढल्यास करडी रेघ उमटवते. ही परीक्षा ढोबळ आहे. शिसे भरपूर मिसळले असेल तर ती उपयोगी पडते, थोडे असेल तर ती फसवते. नेमके प्रमाण हवे असल्यास क्ष-किरणांवर चालणारे तपासणी यंत्र लागते. सराफ्यात दागिन्याचा कस पाहण्यासाठी वापरतात ते याच तत्त्वावर चालते, मात्र ते सोन्याच्या मोजणीसाठी जुळवलेले असल्यामुळे कथलातील शिशासाठी त्याचा आकडा परस्पर ग्राह्य धरू नये. आमच्याकडे येणाऱ्या कथलासोबत पुरवठादाराचे शुद्धतेचे प्रमाणपत्र घेतले जाते आणि ते मागितल्यास दाखवले जाते. कांडी आपल्यासमोर वाकवून दाखवण्यासही आमची ना नाही.

घागरीच्या किंवा गुंडाच्या बुडाला बारीक छिद्र पडले की ते डाख देऊन, म्हणजे वितळलेला धातू लावून, बुजवण्याची पद्धत आहे. हा डाख बहुतेक ठिकाणी कथील व शिसे यांचाच असतो. पिण्याच्या पाण्याच्या आणि स्वयंपाकाच्या भांड्यांना आम्ही तो देत नाही, शिसेविरहित डाख वापरतो. त्याला मजुरी थोडी जास्त पडते आणि काही भांडी त्याने दुरुस्त होतच नाहीत, तेव्हा तसे स्पष्ट सांगून भांडे परत केले जाते. पूर्वी दुसरीकडे डाख दिलेली घागर असेल आणि तिच्यात पाणी साठवले जात असेल, तर ती शोभेसाठी ठेवावी.

कल्हईचे भांडे रिकामे असताना मोठ्या आचेवर ठेवू नये, कारण २३२ अंशांचा टप्पा गाठायला गॅसच्या शेगडीला वेळ लागत नाही आणि कथील ओघळून गोळा होते. तळणाला हे भांडे वापरू नये, तारेच्या घासणीने खरवडू नये, लाकडी उलथणे वापरावे. आतून तांब्याची लाली दिसू लागली की पुन्हा कल्हई करून घ्यावी.

पितळ आणि ॲल्युमिनियम

पितळेविषयी स्पष्ट सांगणे भाग आहे, कारण ते आम्ही स्वतः विकतो. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. परंतु ओतीव व कातीव कामासाठी पितळ सहज कापले जावे म्हणून त्यात थोडे शिसे मुद्दाम घातले जाते. नळ, तोट्या, ओतीव खलबत्ते, समया यांत ते आढळते. पत्र्यापासून ठोकून केलेल्या भांड्यांच्या पितळेत शिशाची गरज नसते, म्हणून स्वयंपाकासाठी पत्र्याचे, ठोक्याचे भांडे घ्यावे. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांची ख्याती विदर्भात सर्वांना ठाऊक आहे. तेथील असो वा आणखी कुठले, जुने घरचे भांडे कल्हई करून वापरण्यास हरकत नाही, पण ओतीव पितळी खलबत्त्यात आले-लसूण, चिंच किंवा लिंबू घालून रोज कुटणे आम्ही सुचवणार नाही. त्यासाठी दगडी खल पुरेसा आहे.

ॲल्युमिनियमच्या भांड्यांकडे मात्र कोणी संशयाने पाहत नाही, आणि आमच्या मते खरी काळजी तेथे आहे. भंगारातील यंत्रांचे सुटे भाग व इतर मिश्र माल वितळवून ओतलेल्या, वजनावर विकल्या जाणाऱ्या कढया आणि गंज (पातेली) यांत कोणता धातू किती आहे हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२५ मध्ये बाहेरून आलेल्या ॲल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियम या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या काही भांड्यांतून अन्नात शिसे उतरत असल्याचा इशारा दिला होता. याचा अर्थ प्रत्येक हिंडालियमचा गंज घातक आहे असा नाही. बिनखुणेच्या मालाची खात्री कोणीच देऊ शकत नाही, एवढाच आहे. केंद्र सरकारने २०२४ मध्ये स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठी आयएसआय चिन्ह सक्तीचे करण्याचा आदेश काढला. चिन्ह पाहून घ्यावे, आणि आंबट पदार्थांसाठी सरळ स्टील वापरावे. आमच्या दुकानात स्टीलची भांडी नाहीत, तरीही हेच सांगतो.

लोणच्याच्या बरणीविषयीही विचारणा होते. उच्च तापमानाला भाजलेल्या जाड चिनी मातीच्या बरणीच्या झिलईला सहसा शिसे लागत नाही. कमी आचेवर भाजलेली, भडक रंगांची, चकचकीत झिलईची शोभेची मातीची भांडी मात्र लोणचे, दही किंवा पन्हे यांसाठी वापरू नयेत.

हळद, पाणी आणि इतर वाटा

हळकुंडाला पिवळाधमक रंग यावा म्हणून लेड क्रोमेट नावाचे पिवळे रंगद्रव्य लावण्याचा गैरप्रकार होतो, आणि त्यात शिसे व क्रोमियम दोन्ही असतात. बांगलादेशात संशोधकांनी २०१९ मध्ये हा प्रकार उघडकीस आणल्यानंतर तेथील सरकारने बाजारांत तपासण्या करून कारवाई केली व दोन वर्षांत तेथील हळदीतील ही भेसळ जवळजवळ नाहीशी झाली. यावरून हे थांबवता येते हे स्पष्ट दिसते. आपल्याकडील नियमांनुसार हळदीत लेड क्रोमेट अजिबात चालत नाही. घरच्या घरी करण्यासारखी परीक्षा अशी की अख्खे हळकुंड पाण्याच्या ग्लासात टाकावे. लावलेला रंग असेल तर पाणी लगेच पिवळे होते, चांगले हळकुंड तसा रंग सोडत नाही. वायगावची हळद आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातलीच आहे. ओळखीच्या शेतकऱ्याकडून हळकुंडे आणून गिरणीत दळून घेणे नागपूरकरांना अवघड नाही, आणि सुट्या, जास्तच पिवळ्या पुडीपेक्षा ते केव्हाही बरे.

पाण्याविषयी थोडक्यात. नागपूरला पेंच व कन्हान येथून पाणी मिळते. परंतु नळाच्या पाण्यात शिसे बहुधा नदीतून न येता घरातील पितळी तोट्या, जुने जोड आणि शिसेयुक्त स्थिरक (प्लास्टिक टिकाऊ करणारे द्रव्य) घालून केलेल्या जुन्या पीव्हीसी नळ्या यांतून येते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. रात्रभर तोटीत थांबलेले पहिले पाणी पिण्यासाठी न घेता ते भांडी धुण्यास किंवा झाडांना वापरावे आणि गीझरचे गरम पाणी स्वयंपाकाला घेऊ नये. पाणी उकळल्याने जंतू मरतात, शिसे जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. चांगल्या स्थितीतील आरओ यंत्र ते बऱ्याच अंशी काढते.

घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधी रंगवलेली दारे, खिडक्या, पाळणे घासताना उडणारी धूळ धोक्याची असते. कोरडे घासण्याऐवजी पाणी मारून खरवडावे आणि त्या वेळी मुलांना दुसऱ्या घरी ठेवावे. तान्ह्या पोळ्याला माळ्यावरून निघणारे आजोबांच्या वेळचे लाकडी नंदीबैल हा याच प्रकारातला जिन्नस आहे. रंगाचे पोपडे निघालेला बैल, ज्याची शिंगे लहान मुले हमखास तोंडात घालतात, तो मिरवणुकीला द्यायचाच असेल तर आधी जुना रंग ओला करून काढावा आणि नवा, शिसेविरहित रंग द्यावा.

पारंपरिक शेंदूर हे शिशाचेच संयुग आहे. मूर्तीला लावताना तो हाताला लागतो व त्याच हाताने प्रसाद वाटला जातो, तेव्हा मध्ये हात साबणाने धुवावेत. डोळ्यांत घालण्याच्या काही सुरम्यांत शिशाचा सल्फाइड असतो. बाळाच्या डोळ्यांत असे काहीही घालू नये. मुर्दाडशिंग (शिशाचे ऑक्साइड) घालून केलेली घरगुती औषधे टाळावीत. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी अंगणात फोडू नये व भंगारवाल्याला सुटी देऊ नये, ती नवी घेताना दुकानात परत करावी. घरातील कोणी बॅटरीच्या, झाळकामाच्या किंवा रंगाच्या कारखान्यात काम करत असेल, तर कामाचे कपडे घरी आल्याबरोबर वेगळे ठेवून वेगळे धुवावेत.

घरात वरीलपैकी एखादी गोष्ट बराच काळ वापरात असेल, आणि विशेषतः घरात गरोदर स्त्री किंवा सहा वर्षांखालील मूल असेल, तर डॉक्टरांना तसे सांगून रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. तिच्यासाठी रक्त शिरेतून घेतलेले चांगले, कारण बोटाच्या टोकावरील धूळ मिसळल्यास आकडा चुकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शनात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आढळल्यास त्याचा उगम शोधून तो बंद करण्यास सांगितले आहे. उगम बंद झाला की रक्तातील प्रमाण हळूहळू उतरू लागते.

आपण आमच्याकडे जुने भांडे आणाल तेव्हा त्याला आधी कोठे व केव्हा कल्हई केली होती हे माहीत असल्यास सांगावे. संशय असलेली जुनी कल्हई पूर्ण उतरवूनच नवी केली जाते, तिच्यावर थर दिला जात नाही. उतरवलेला कीस वेगळ्या डब्यात साठवून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे दिला जातो. भट्टीवरील धूर नवसागरामुळे घशाला झोंबतो आणि जुन्या कल्हईत शिसे असल्यास ते धुरात व राखेत येऊ शकते. म्हणून कल्हई पाहण्याची हौस असली तरी मुलांना भट्टीपाशी आणू नये. कांडी पाहायची असेल ती पुढच्या गाळ्यात पाहावी, भांडे ठेवून जावे आणि दुसऱ्या दिवशी न्यावे. नेल्यावर पहिल्यांदा त्यात पाणी उकळून ते फेकून द्यावे व मग वापरास घ्यावे.