चहा-पाण्याचा इलेक्ट्रिक बॉयलर: वापर, सफाई आणि बिघाड

नमस्कार. आमच्या वर्कशॉपमधून बॉयलर नेणारे बहुतेक जण पाचगणी-महाबळेश्वरचे घरगुती निवासवाले, साताऱ्यातले मेसवाले, नाहीतर घरूनच चहा-नाश्त्याच्या ऑर्डरी घेणाऱ्या ताई. दहा ते तीस लिटरचं स्टीलचं भांडं, तळाशी कॉइल (पाणी तापवणारी, आत तार असलेली नळी), पुढे तोटी, बाजूला तापमान ठरवणाऱ्या थर्मोस्टॅटची चकती. बिघडण्यासारखं त्यात फार काही नाही. तरीही दुरुस्तीला येणाऱ्या बॉयलरमध्ये आम्हाला पुन्हा पुन्हा दोनच गोष्टी दिसतात: क्षार चढलेली कॉइल आणि कोरडी जळालेली कॉइल. दोन्ही टाळता येतात, म्हणून हा कागद स्वयंपाकघरात लावून ठेवा.

आधी जोडणी

२००० वॅटचा बॉयलर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर घेतो, ३००० वॅटचा तेरा. मोबाइल चार्जरच्या सहा अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेंशन बोर्डवर तो लावू नका. सोळा अँपिअरचं पॉवर सॉकेट, अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि नीट अर्थिंग हवंच. पिन टॉप (म्हणजे प्लग) हाताला गरम लागत असेल, तर सॉकेटच्या आतली पकड सैल झालेली आहे. तेव्हा बॉयलर बाजूला ठेवा आणि आधी सॉकेट बदलून घ्या. अर्थिंगची तिसरी पिन काढून टाकलेले पिन टॉप आम्ही अजूनही पाहतो. पाणी, वीज आणि स्टीलचं भांडं एकत्र असताना माणसाला वाचवणारी ती पिन आहे. तिच्या बाबतीत आम्ही कोणाचंही ऐकत नाही.

क्षार

कासचं किंवा वेण्णा तलावाचं पाणी वापरणाऱ्यांना हा त्रास कमी. बोअरच्या पाण्यावर असाल, तर मात्र हा भाग दोनदा वाचा.

जड पाण्यात विरघळलेले कॅल्शियमचे क्षार पाणी तापलं की घट्ट होऊन बाहेर पडतात, आणि सगळ्यात जास्त तापलेल्या जागी, म्हणजे कॉइलवरच बसतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय. दुसरं पाणी मिळतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलंय. समजा, तुमच्या बोअरच्या पाण्यात उकळल्यावर बाहेर पडणारे क्षार लिटरला ४०० मिलिग्रॅम आहेत आणि रोज वीस लिटर पाणी उकळतं. म्हणजे दिवसाला आठ ग्रॅम, महिन्याला जवळजवळ पाव किलो. सगळं कॉइलवर बसत नाही, काही तळाला राहतं, काही पाण्याबरोबर जातं. पण जे बसतं ते भारी पडतं.

क्षार चढले की वीज खूप जास्त जळते, असं सगळे सांगतात. बुडालेल्या कॉइलच्या बाबतीत ते फारसं खरं नाही; उष्णता शेवटी पाण्यातच जाते. नुकसान होतं ते कॉइलचं. क्षारांच्या थरातून उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, तेवढी कॉइल आतून जास्त तापते आणि आतली तार लवकर तुटते. गेल्या उन्हाळ्यात एका मेसमधून आलेल्या कॉइलवर बोटाएवढं जाड पांढरं कवच होतं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकलं, तर नारळाच्या करवंटीसारखा अख्खा तुकडा निघून हातात आला. आत पितळेसारखी पिवळी-निळी पडलेली नळी. ती कॉइल सहा महिन्यांचीसुद्धा नव्हती.

थर चढतोय हे कानालाही कळतं. स्वच्छ कॉइल पाणी तापताना एकसारखी सूं-सूं करते. क्षार चढलेली कडकड, तडतड वाजते.

सफाई सोपी आहे. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिटरला वीस ते पंचवीस ग्रॅम घ्या. कॉइल पूर्ण बुडेल आणि वर चार बोटं राहील एवढ्या पाण्यात ते विरघळवा, हाताला चांगलं गरम लागेपर्यंत तापवा, मग बंद करून पिन काढा आणि अर्धा-पाऊण तास सोडून द्या. बुडबुडे येतात, ते क्षार विरघळत असल्याची खूण. हे पाणी उकळू नका, नाहीतर विरघळलेलं पुन्हा घट्ट होऊन चिकटतं. अर्ध्या तासाने थोडं पाणी तोटीतूनही सोडा, म्हणजे तोटीच्या आतली खर निघते. मग दोनदा साध्या पाण्याने धुवून एकदा पाणी उकळून ओतून द्या. बोअरवाल्यांनी हे दर पंधरा दिवसांनी करावं, तलावाच्या पाण्यावाल्यांनी दोन महिन्यांतून एकदा.

संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर मात्र अजिबात नको. त्यातल्या क्लोरीनच्या संयुगांनी स्टीलला बारीक बारीक भोकं पडतात आणि तो बॉयलर पुन्हा पाणी धरत नाही. सुरी, पत्रा, तारेची घासणी यांनी कॉइल खरवडणंही नको.

कटआउट पडतो तेव्हा

भांड्याच्या तळाला बाहेरून एक बटणाएवढी चकती बसवलेली असते. तिच्यात दोन धातूंची पातळ पट्टी असते; तळ जास्त तापला की ती टक् करून उलटी होते आणि वीज तोडते. हाच कटआउट. तो पडला याचा अर्थ कॉइल पाण्याबाहेर तापली, किंवा क्षारांमुळे तळ फार तापला, किंवा कोणीतरी बॉयलरमध्ये दूध, नाहीतर तयार चहा उकळायला ठेवला. दूध कॉइलवर करपून चिकटतं आणि त्याचा थर क्षारांपेक्षाही वाईट. या भांड्यात फक्त पाणी.

कोरडा तापण्याचा प्रकार बहुतेक वेळा असा घडतो. तोटी कॉइलच्या जरा वर बसवलेली आहे, त्यामुळे तोटीतून पाणी संपलं तरी कॉइल बुडालेली राहते. पण दिवसाच्या शेवटी भांडं तिरकं करून उरलेलं पाणी ओतलं जातं, आणि सकाळी घाईत आधी बटण दाबलं जातं. तसं झालंच, तर पिन काढा आणि भांडं पूर्ण गार होऊ द्या. तापलेल्या कॉइलवर गार पाणी ओतलं तर वाफेचा भपकारा तोंडावर येतो आणि नळीला तडा जातो. गार झाल्यावर पाणी भरा, तळाचं लाल बटण दाबून कटआउट पुन्हा जोडा. पाणी असतानाही कटआउट पुन्हा पडला, तर सफाई करा. तरीही पडला, तर आमच्याकडे आणा.

कटआउट 'डायरेक्ट' करून देणारे कारागीर भेटतात. एका ताईंचा बॉयलर तसा करून दिलेला होता. रात्री पाणी आटलं, कॉइल लाल झाली, खालची प्लॅस्टिकची बैठक वितळून ओट्याला चिकटली. धुराच्या वासाने त्यांना जाग आली म्हणून निभावलं. आम्ही कटआउट बदलून देतो, तो काढून वायर जोडून कधीच देत नाही.

महाबळेश्वर-पाचगणीकरांसाठी

महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. थर्मोस्टॅट १०० वर ठेवला तर पाणी तिथवर कधी पोहोचतच नाही. बॉयलर थांबत नाही, पाणी आटत राहतं. थर्मोस्टॅटची चकती ९० वर ठेवा. चहाला तेवढं पुरतं.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. हंगाम संपला की बॉयलर कोपऱ्यात जातात आणि चार महिने ओलसर हवेत राहतात. कॉइलच्या नळीत तारेभोवती पांढरी पूड असते, ती ओलावा ओढून घेते. दिवाळीच्या आधी पहिल्यांदा लावला की ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, पडतो. घाबरून नवीन कॉइल घेऊ नका, बहुतेक वेळा आम्ही ती वाळवून परत देतो. ठेवताना आतून कोरडा पुसून, झाकण किंचित उघडं ठेवून, वर माळ्यावर ठेवा.

वेळ जास्त लागतो?

२००० वॅटवर २५ अंशांचं वीस लिटर पाणी उकळायला सुमारे बावन्न मिनिटं आणि पावणेदोन युनिटं लागतात. हवेत जाणारी उष्णता धरून तासभर समजा. झाकण लावा. व्होल्टेज २०० वर उतरलं तर कॉइलची ताकद पाऊणपट होते, म्हणजे बॉयलर चांगला असूनही सव्वा तासाच्या पुढे जातं. १५०० वॅटच्या दोन कॉइल असलेल्या मोठ्या बॉयलरला अचानक दुप्पट वेळ लागू लागला, तर एक कॉइल गेली. मल्टिमीटर असेल तर पिन काढून, वायरी सोडवून मोजा: २००० वॅटच्या कॉइलला साधारण २६ ओहम, १५०० वॅटला ३५. काहीच दाखवत नसेल तर तार तुटली.

भांड्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर बॉयलर त्याच क्षणी बंद. हे वायरमनचं काम आहे, घरी उघडून बघू नका.

तोटी ठिबकत असेल तर आधी लिंबूसत्वाचं पाणी सोडून पाहा. खर अडकलेली असते. नाही थांबली तर सिलिकॉनचं वॉशर बदलायचं, पाच मिनिटांचं काम. पण ठिबकत तशीच चालवू नका, तेच पाणी खाली वायरींच्या जोडापर्यंत जातं.

दुरुस्तीला आणताना वायर आणि झाकणासकट आणा, आणि कॉइलवरचा थर काढून आणू नका. तो पाहूनच आम्हाला कळतं, पाणी कसं आहे आणि सफाई किती दिवसांनी सांगायची.