कोरड्यात नर, ओलीत मादी: एका समजुतीचा माग

पपई किंवा खजुरासारख्या वनस्पतींत नरफुले एका झाडावर येतात, मादीफुले दुसऱ्यावर. अशा विभक्तलिंगी जाती सपुष्प वनस्पतींत जेमतेम सहा टक्के. खजुराच्या नराचे पराग मादीवर झटकण्याची रीत हजारो वर्षांची आहे, पण वनस्पतींमधले लिंग प्रयोगाने दाखवले ते जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या रुडोल्फ कामेरारियसने, १६९४ साली. मर्क्युरियालिस नावाच्या तणाची मादी रोपे त्याने नरांपासून दूर ठेवली. फळे धरली, बी मात्र पोचट निघाले. हे तण पुढे पुन्हा भेटेल.

त्यानंतर अभ्यास बराच काळ लिंग ठरते कसे याच प्रश्नाभोवती फिरला. १९२३ मध्ये सपुष्प वनस्पतींतही लिंग-गुणसूत्रे आढळली. पण पाणी तुटले की नर-मादी सारखेच वागतात का, हे फारसे कोणी विचारत नव्हते.

ते विचारले फ्रीमन, क्लिकॉफ आणि हार्पर यांनी. १९७६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांनी अमेरिकेतल्या युटामधल्या पाच जातींची पाहणी मांडली. त्यांत गवत होते, झुडपे होती आणि बॉक्सएल्डर हा मॅपलच्या कुळातला वृक्षही. कोरड्या जागी नर जास्त, ओलसर जागी माद्या जास्त. कारण सरळ वाटत होते: फळ-बी पोसणे महाग, म्हणून मादीला पाणी हवे. झाड काही चालत जाऊन जागा निवडत नाही. मग कोरड्यातल्या माद्या मरतात, की काही झाडे लिंगच बदलतात? यावर पुढे बराच वाद झाला.

१९९३ मध्ये डॉसन आणि एलरिंगर यांनी बॉक्सएल्डरची पानेच तपासली. माती किंवा हवा सुकू लागली की नर आपली पर्णरंध्रे, म्हणजे ज्यांतून पाण्याची वाफ निसटते ती पानांवरची सूक्ष्म छिद्रे, लवकर आवळून घेतो. मादी ती जास्त उघडी ठेवते. ओढ्याकाठी त्यामुळे ती वेगाने वाढते, पण पाणी सढळ हाताने खर्च करते.

इथवर गोष्ट फार सुबक होती, आणि मला वाटते म्हणूनच ती गरजेपेक्षा जास्त पसरली. अवर्षणात मादीच आधी खचते हे सगळीकडे लागू पडत नाही. जात, वय, ताणाचा प्रकार यांनुसार निकाल उलटतो. मर्क्युरियालिस याचा उत्तम दाखला. त्यात नर रोपेच लहान राहतात आणि मुळांवर जास्त खर्च करतात. वाऱ्यावर उधळायच्या परागांना भरपूर नत्र लागते आणि ते मातीतूनच ओढावे लागते. म्हणजे खर्च दोघांनाही आहे. मादीचा मुख्यतः कर्बाचा, नराचा नत्राचा. कोणता ताण कोणाला जड जाईल, हे जमिनीत काय कमी आहे त्यावर ठरते.

२०१६ मध्ये या प्रश्नाला हवामानबदलाची जोड मिळाली. कोलोरॅडोच्या रॉकी पर्वतात व्हॅलेरियाना एड्युलिस या वनस्पतीचे नर पायथ्याकडे निम्म्याच्या आसपास असतात आणि वर चढावे तसे विरळ होतात. काही दशकांत हवा उष्ण व कोरडी होत गेली, तसे नरांचे वाढते प्रमाण दशकाला सुमारे १७५ मीटर वेगाने डोंगर चढत गेल्याचे दिसले. एखादी जात वर सरकण्याचा नेहमीचा वेग याहून बराच कमी असतो.